थर बसण्याआधी

बसा.

पाठ सैल ठेवा. पाय जमिनीला टेकू द्या. हात मांडीवर, तळवे कसेही.

एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

आज काही सिद्ध करायचं नाही, कुणाला काही पटवायचं नाही. फक्त बघायचं आहे. जे बघायचं आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा जास्त वेळ लागेल.

लागू द्या.

*

बाहेर पाऊस आहे. आषाढातला, लागून राहिलेला.

आपण उधव्यात आहोत. पालघर जिल्हा, तलासरी तालुका. महाराष्ट्राची ही वरची कड. थोडं पुढे गेलं की गुजरात, बाजूला दादरा-नगर हवेली.

शेतात आवणी चालली आहे. राबातली रोपं उपटायची, मुठीत धरायची, चिखलात खोचायची. ओळीनं वाकलेल्या पाठी, पाठींवर प्लॅस्टिकचे कागद. पाय पोटरीपर्यंत चिखलात.

पावसाचा आवाज ऐका.

पानांवरचा वेगळा. कौलांवरचा वेगळा. खाचरात साठलेल्या पाण्यावरचा वेगळा.

ओल सगळीकडे आहे. दोरीवरच्या कपड्यांत, भिंतीत, चुलीजवळच्या लाकडांत. तिच्यासोबत थोडा वेळ बसू. तिला नावं ठेवायची नाहीत. याच ओलीवर भात पिकतं.

श्वास घ्या.

*

आता लक्ष तोंडात आणा.

जिभेचं टोक दातांच्या मागच्या बाजूवरून फिरवा. हळू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

एखाद्या दाताला जीभ सरळ लागते. एखाद्याच्या बुडाशी काहीतरी बुळबुळीत लागतं. सकाळी चूळ भरण्याआधी ते जास्त जाणवतं.

तिथे थांबा.

तो थर आहे, आणि तो जिवंत आहे. सूक्ष्म जीव ओल्या जागेवर येऊन टेकतात. एकमेकांना धरतात. स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात आणि त्याच द्रव्यात राहू लागतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. आपण थर म्हणू.

काल रात्री तुम्ही झोपलात. तो बसत होता.

पुन्हा एकदा जीभ फिरवा. घाण वाटू देऊ नका. नुसतं जाणवू द्या.

*

आता लक्ष खाली न्या. पायांपर्यंत.

आवणीहून परतलेल्या बाईचे पाय बघा. ती ओटीवर बसली आहे. तांब्यातलं पाणी पायांवर ओतते. चिखल ओघळतो. टाच दिसू लागते, मग बोटं.

पायाची करंगळी आणि शेजारचं बोट. त्यांच्या मधली बेचकी. ती दोन्ही बोटं जरा फाकवते.

आतली कातडी पांढरी पडली आहे. फुगली आहे. मधे एक बारीक चीर, तिच्यात लाल. पाणी लागतं तशी आग होते.

चिखल्या.

दिवसदिवस पाण्यात उभं राहणाऱ्या प्रत्येक गावाला त्या ठाऊक असतात. त्या बेचकीत कुणी एक जीव नसतो. बुरशी असते, जीवाणू असतात, आणि पुष्कळदा यीस्टही असतं. त्यांना तिथे तीन गोष्टी मिळतात.

ऊब.

ओल.

आणि कुणी न बघणं.

या तीन गोष्टी मनात ठेवा. पुढे लागतील.

*

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. तिची आपली जुनी ओळख आहे.

या भागात ताड आहेत. ताडाचा रस पहाटे गोड असतो. ऊन चढतं तसा तो आंबत जातो. कडेनं फेस धरतो. भांड्याला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते.

ऐका.

ते यीस्ट आहे. हवेतून आलेलं, झाडावरून आलेलं, कालच्या भांड्याच्या आतल्या अंगाला उरलेलं. नीरा गोडच राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुना लागला की यीस्टचा जोर राहत नाही.

त्याच मोठ्या कुळातलं दुसरं यीस्ट आपल्या अंगात राहतं. त्याचं नाव कँडिडा अल्बिकन्स. तोंडात, आतड्यात, अंगाच्या घड्यांत. निरोगी माणसांतही. बहुतेक माणसं त्याला आयुष्यभर सोबत घेऊन हिंडतात आणि त्याचा काही त्रास होत नाही.

म्हणून त्याच्याकडे वैरी म्हणून बघू नका. सोबती म्हणून बघा. सोबती केव्हा भारी पडतो, एवढंच आज बघायचं आहे.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

मनात एक घर उभं करा. कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं.

आत अंधूक उजेड. एका बाजूला खाट. खाटेवर आजा झोपला आहे. लघवी अडली होती, म्हणून रुग्णालयात नळी घातली आणि घरी पाठवलं. खाटेच्या कडेला पिशवी टांगली आहे. नळी पांघरुणाखालून येते, एक वळसा घेते, पिशवीत उतरते.

खेड्यापाड्यांत असं घर सापडायला वेळ लागत नाही.

त्या नळीकडे बघा.

फिकट पिवळी. बोटाहून बारीक. अंगाच्या आतही ऊब, नळीच्या आतही ऊब. ओल तर आहेच. आणि आत बघणार कोण?

आपण बघू.

नळीच्या आतल्या अंगावर या. पाणी संथ वाहतं आहे. प्रवाहातून एक पेशी येते. गोल, किंचित लांबट. मिलिमीटरचे दोनशे भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी.

ती एकटी आहे.

या क्षणी ती दुबळी आहे. साधं औषध तिला पुरेल. जोराचा प्रवाह तिला वाहून नेईल.

ती नळीला लागते.

थांबा. इथेच थांबा.

काहीच घडलेलं नाही. एक पेशी एका भिंतीला टेकली आहे, इतकंच.

तिच्याजवळ बसा. दोन श्वास.

*

पहिले काही तास.

तिच्या अंगावर चिकटणारी प्रथिनं आहेत. त्यांनी ती भिंत धरते. धरली की विभागते. एकीच्या दोन, दोनांच्या चार. प्रयोगशाळेत कवळीच्या प्लॅस्टिकवर हे वाढताना नीट पाहिलेलं आहे. पहिल्या अकरा तासांत छोटे छोटे पुंजके होतात.

बघत रहा.

बारा तास ते तीस तास.

आता काही पेशी गोल राहत नाहीत. त्यांना लांब तंतू फुटतात. तंतू एकमेकांवरून जातात, एकमेकांना अडकतात. पुंजक्यांना पुंजके जोडले जातात. सगळ्यांभोवती काहीतरी पाझरू लागतं. दाट. चिकट.

बघत रहा.

अडतीस तास ते बहात्तर तास.

थर पूर्ण झाला आहे.

तो अजूनही मिलिमीटरच्या आतच आहे. नळी बाहेरून होती तशीच दिसते. आजा होता तसाच झोपला आहे. पाऊस चालूच आहे.

*

आता ज्या घरात बसला आहात, त्या घराची भिंत बघा.

कूड कसा घालतात? कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या करायच्या, आडव्या काठ्यांनी बांधून घ्यायच्या. मग शेण आणि माती कालवून दोन्ही अंगांनी लेप. नुसत्या काठ्यांतून वारा आरपार जातो. लेप बसला की वारा बाहेर राहतो.

नळीतला थर असाच घातलेला आहे. तंतू या काठ्या. पेशींनी सोडलेलं द्रव्य हा लेप.

२०१४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा लेप कशाचा बनतो ते तपासून मांडलं. सुमारे ५५ टक्के प्रथिनं. २५ टक्के कर्बोदकं. १५ टक्के स्निग्ध द्रव्यं. ५ टक्के न्यूक्लिइक आम्लं. सगळी साधी द्रव्यं. आपल्या शरीरातही हीच असतात.

आणि या कुडाच्या आत पेशी एकमेकींचा कानोसा घेतात.

गर्दी वाढली की पेशींनी सोडलेलं फार्नेसोल नावाचं द्रव्य साठत जातं. फुलांच्या सुगंधी तेलांतही हे द्रव्य सापडतं. यीस्टच्या वस्तीत ते निरोप बनतं: आता पुरे झाली गर्दी, आणखी तंतू नकोत. २००१ साली हा निरोप माणसाला पहिल्यांदा उमगला.

इतक्या बारीक जिवांचं हे ऐकणं.

तुम्हीही ऐका. काही ऐकू येणार नाही. तरी ऐका.

*

आता औषध येतं.

आज्याला ताप आला आहे, असं समजू. लघवी तपासली, यीस्ट सापडलं, गोळी सुरू झाली. फ्लुकोनॅझोल. कँडिडावर सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं औषध.

गोळी पोटात विरघळते. रक्तात उतरते. मूत्रपिंडातून लघवीत येते. नळीत येते. थरापाशी येते.

तिच्याबरोबर चला. हळू.

यीस्टच्या पेशीला पडदा असतो. त्या पडद्यात एर्गोस्टेरॉल लागतं. फ्लुकोनॅझोल ते बनू देत नाही. सुटी पेशी भेटली तर हे काम नीट होतं. पेशीची वाढ थांबते.

पण इथे लेप आहे. लेपातली ग्लुकान नावाची साखळी औषधाला वाटेतच धरून ठेवते. थोडं औषध पुढे जातं. पुढच्या पेशी आत आलेलं औषध पंपानं बाहेर टाकतात. आणखी थोडं पुढे जातं.

थराच्या आत मोजक्या पेशी आहेत. त्या काही करत नाहीत. निपचित आहेत. जबर औषधालाही त्या पुरून उरतात.

त्यांच्याजवळ थांबा.

या पेशींबद्दल एक गोष्ट २००६ साली कळली. त्या जन्मानं चिवट नाहीत. त्यांच्या जनुकांत काही बदललेलं नाही. त्यांना थरातून काढून सुटं वाढवलं, तर पुढच्या पेशी पुन्हा औषधाला दबतात. त्यांना पुन्हा थर करू दिला, तर आत पुन्हा तशाच निपचित पेशी तयार होतात.

म्हणजे बळ पेशीत नाही. बळ बसण्यात आहे.

सुट्या पेशीला जेवढं औषध पुरतं, त्याच्या कधीकधी हजार पटीनंही थर हलत नाही.

हे वाचून मन लगेच पुढे धावेल. त्याला थोडं धरा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

गोळ्या संपतात. ताप उतरतो. सगळ्यांना वाटतं, झालं.

थराच्या वरच्या अंगानं पेशी सुटत असतात. गोल, हलक्या. प्रवाहाबरोबर निघतात, दुसरीकडे टेकायला. लघवीच्या नळीत हे पुष्कळदा तिथेच राहतं. शिरेत घातलेल्या नळीत हेच घडलं तर त्या पेशी थेट रक्तात उतरतात. मग जिवावर बेतू शकतं.

अशा वेळी जाणते डॉक्टर आधी काय करतात?

नळी काढतात.

लागतच असेल तर नवी घालतात. जुनी मात्र तशीच ठेवत नाहीत. लघवीत यीस्ट सापडलं आणि रोग्याला काही त्रास नसेल, तर पुष्कळदा नळी काढण्यानंच काम होतं, बुरशीच्या औषधाची गरजही पडत नाही. कुणाला औषध लागेल ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण भिंतच काढून घेतली की थराला बसायला जागा उरत नाही.

किती साधी गोष्ट. हात धुवायचे, नळी काढायची.

या साधेपणापाशी थोडं बसा.

*

आता नजर लांब टाकू. थोडीच, मग परत येऊ.

२००९ साली टोकियोमध्ये सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानात एक नवं यीस्ट सापडलं. त्याला कँडिडा ऑरिस नाव मिळालं. २०१३ साली दिल्लीतल्या रुग्णालयांतल्या रोग्यांत ते आढळल्याचं वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं. काही वर्षांत ते अनेक खंडांवर दिसू लागलं.

हे यीस्ट खाटेच्या दांड्यावर, नळीवर, कातडीवर आठवडेच्या आठवडे टिकून राहतं. आणि याची चिवटाई नुसत्या बसण्यातली नाही, जनुकांतलीही आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलातले नमुने होते. त्यांतले ९३ टक्के फ्लुकोनॅझोलला दाद देत नव्हते. ४१ टक्के दोन किंवा जास्त प्रकारच्या औषधांना दाद देत नव्हते.

२०२१ साली ते अंदमानात सापडलं. समुद्रकाठच्या वाळूत, आणि माणसाचा वावर नसलेल्या खारट दलदलीत. दलदलीतला एक वाण मवाळ निघाला. उष्णतेत सावकाश वाढणारा, औषधाला दबणारा.

त्या दलदलीचं चित्र मनात आणा. खारं पाणी. उघडं आभाळ. तिथे ते यीस्ट नुसतं जगत होतं.

२०२२ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेनं पहिल्यांदाच घातक बुरशींची यादी काढली. सगळ्यांत वरच्या गटात चार नावं आली. त्यांत कँडिडा ऑरिस आहे, आणि आपला जुना सोबती कँडिडा अल्बिकन्सही आहे.

परत या. पाऊस ऐका.

*

आता मूठभर माती हातात घेतल्याचं मनात आणा.

ओली माती. तिचा वास घ्या.

पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले जीव तपासत होते. एका जीवाणूनं सोडलेलं द्रव्य यीस्टला मारतं असं त्यांना आढळलं. १९६१ साली त्यांनी ते जगापुढे ठेवलं. औषधाचं नाव हॅमायसिन. जीवाणूच्या नावात पिंपरी आली: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अँफोटेरिसिन बी हे जालीम औषध स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म थेंबांत बसवण्याचं काम केलं. त्यानं मूत्रपिंडांना होणारी इजा कमी होते. अशा थेंबांतलं हे औषध थरावरही इतर पुष्कळ औषधांपेक्षा बरं चालतं.

तरी अशी औषधं मोजकीच आहेत. रक्तात उतरलेल्या कँडिडावर मुख्य प्रकार तीनच. कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीची जवळची नातलग आहे. तिला लागेल आणि आपल्याला लागणार नाही, असं द्रव्य सापडायला कठीण.

म्हणून असलेलं औषध जपून वापरायला हवं. हातातल्या त्या मातीकडे बघत हे मनात उतरू द्या.

*

आता ज्या बाईचे पाय आपण पाहिले, तिच्याकडे परत चला.

तिनं पाय पुसले आहेत. चूल पेटवली आहे. ती काही बोलत नाही.

तिच्याजवळ बसा. विचारू नका. आधी नुसतं बसा.

कदाचित तिला दुसराही त्रास असेल. अंगावरून पांढरं जातं. खाज येते, आग होते. गेल्या वर्षीही झालं होतं. दुकानातून गोळी आणली, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं. सांगायचं कुणाला?

जगातल्या दर चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गात यीस्टचा त्रास होतो. काहींना वर्षातून तीनचारदा. तिथेही तेच यीस्ट, आणि आतल्या मऊ त्वचेवरही ते थर करू शकतं हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

१९८९ सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचा एक अभ्यास छापून आला. ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा. दोन गावं, साडेसहाशे बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. याआधी कधी कुणी तपासून उपचार केले होते, अशा होत्या फक्त ८ टक्के.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. ब्याण्णव. आठ.

त्यांच्यामध्ये किती बायका चुलीपुढे गप्प बसल्या आहेत?

घाई करू नका. त्यांच्यासोबत एक श्वास.

आणखी एक.

*

आता त्या तीन गोष्टी आठवा. ऊब. ओल. आणि कुणी न बघणं.

ऊब आपली आहे. ती गेली तर आपणच नाही.

ओल पावसाची आहे. ती थांबवणं आपल्या हाती नाही, थांबवायची इच्छाही नाही. आवणी व्हायची आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे.

इतका वेळ आपण ज्या पेशीजवळ बसलो, तिला थर करायला वेळ लागला. काही तास. एक दिवस. दोन, तीन दिवस. त्या प्रत्येक तासाला ती ढळण्यासारखी होती. टॉवेलच्या एका कोपऱ्यानं, ब्रशच्या एका फेरीनं, नळी वेळेवर काढणाऱ्या एका हातानं.

औषधाला जे नंतर जड जातं, ते लक्षाला आधी सोपं असतं.

हे वाक्य घेऊन थोडं बसा. मान्य करायची घाई नको. तुमच्या घरात, तुमच्या अंगावर, हे कुठे लागू पडतं ते शोधा.

बेचकीत?

तोंडात?

कुणाच्या खाटेजवळ?

*

सापडलं असेल, तर आता डोळे उघडा. या शेवटच्या ओळी जाग्या मनानं वाचायच्या आहेत.

पाय धुतलेत, तसे पुसा. प्रत्येक बेचकी, वेगळी. सुती फडकं पुरतं.

कवळी असेल तर रात्री काढा, घासा, आणि तोंडाला रात्रभर मोकळं राहू द्या. दम्याचा पंप ओढत असाल तर नंतर चूळ भरा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. वाढलेल्या साखरेवर यीस्ट माजतं.

खाज, गजकर्ण, चिखल्या यांवर दुकानातून मिळेल ती ट्यूब लावू नका. पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली जाते, खाज थांबते, आणि बुरशी आत बिनबोभाट पसरते. भारतात गेल्या काही वर्षांत साध्या औषधांना न जुमानणारं गजकर्ण फैलावलं आहे. त्यामागचं एक कारण अशा ट्यूबा आहेत, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. बरं वाटलं म्हणून मधे सोडू नका, आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नका.

अंगावरून पांढरं जात असेल तर आशाताईला सांगा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला सांगा. पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासून घ्या. हे तुमच्या चुकीनं झालेलं नाही.

आणि घरात कुणाला नळी लावलेली असेल, तर पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवा. नळी कुणी, कधी बसवली ते लिहून ठेवा. दर वेळी डॉक्टरांना आणि सिस्टरला एकच प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका, हा तुमचा हक्क आहे:

ही नळी आज काढता येईल का?